मँचेस्टर व्हिक्टोरिया: एकाच छताखाली रेल्वे आणि ट्राम, दोन्ही नीट वापरायची कशी

मँचेस्टरला शिकायला, नोकरीला किंवा मुलांकडे राहायला आलेल्या माणसाच्या कानावर पहिल्याच आठवड्यात दोन नावं सारखी पडतात: पिकाडिली आणि व्हिक्टोरिया. दोन्ही शहराच्या मध्यातली रेल्वे स्टेशनं आणि दोन्हीकडे पिवळी ट्राम. त्यामुळे कुठूनही कुठेही जाता येईल असं वाटतं, पण तसं नाही. लंडनच्या गाड्या पिकाडिलीहून सुटतात. हॅलिफॅक्स-ब्रॅडफर्डच्या बाजूला जायचं तर व्हिक्टोरिया गाठावं लागतं. चुकीच्या स्टेशनात पोचल्यावर हे कळलं, तर ठरलेल्या गाडीचं स्वस्त तिकीट वाया जातं.

हा लेख व्हिक्टोरियाबद्दल आहे, कारण तिथे रेल्वे आणि ट्राम खरोखरच एका छताखाली आहेत. मधे भिंत नाही, रस्ता नाही. रेल्वेतून उतरून पावसात न भिजता ट्राममध्ये बसता येतं, आणि मँचेस्टरच्या पावसात ती मोठीच सोय आहे. पण छत एक असलं तरी व्यवस्था दोन आहेत. रेल्वेकडे तिकीट तपासणारी गेट आहेत, ट्रामकडे एकही नाही. रेल्वेला तिकीट आधी काढायचं, ट्रामला कार्ड टेकवायचं. रेल्वेचा नियम ट्रामला आणि ट्रामचा रेल्वेला लावला की दंड होतो. तेवढं एक लक्षात ठेवलंत तर बाकीचं सगळं सोपं आहे.

स्टेशन आधी डोळ्यांसमोर आणा

व्हिक्टोरिया १ जानेवारी १८४४ ला सुरू झालं. पिकाडिलीच्या जागी त्याच्या दोन वर्षं आधी दुसऱ्या कंपन्यांचं स्टेशन उघडलं होतं. शहराच्या मध्यातून दोघांना जोडणारा रेल्वेमार्ग झाला नाही, म्हणून आजही मध्यवस्तीच्या दोन टोकांना दोन स्टेशनं आहेत आणि मधे साधारण दीड किलोमीटरचं अंतर. १९७० च्या दशकात ती जमिनीखालच्या बोगद्याने जोडायची योजना झाली, पण सरकारने पैसे दिले नाहीत आणि १९७७ मध्ये ती गुंडाळली गेली. स्वस्तातला पर्याय म्हणून रस्त्यावरून धावणारी ट्राम पुढे आली. ६ एप्रिल १९९२ ला बरी ते व्हिक्टोरिया ही पहिली ट्राम धावली आणि त्याच महिन्यात ती शहराच्या रस्त्यांवर उतरली.

बरी आणि ऑल्ट्रिंचम या दोन जुन्या उपनगरी रेल्वेमार्गांवरच ही ट्राम सुरू केली. त्यांचे प्लॅटफॉर्म रेल्वेच्या उंचीचे होते, म्हणून डबेही उंच तळाचे घेतले आणि पुढे जोडलेल्या प्रत्येक मार्गावर तेच मोजमाप ठेवलं. युरोपातल्या बऱ्याच शहरांत ट्राम रस्त्याच्या पातळीवर थांबते. इथे प्रत्येक थांब्यावर सुमारे ९० सेंटीमीटर उंचीचा प्लॅटफॉर्म असतो आणि त्यावरून सरळ डब्यात पाऊल टाकता येतं. बाबागाडी, मोठी बॅग, व्हीलचेअर यांना पायरी लागत नाही. ज्येष्ठांना घेऊन फिरणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं, त्याबद्दल पुढे सांगतोच.

स्टेशनची दर्शनी इमारत १९०९ ची, लँकेशायर अँड यॉर्कशायर रेल्वेच्या काळातली. बाहेर काचेच्या छज्जावर जुन्या ठिकाणांची नावं आहेत. त्यात बेल्जियमही आहे, कारण या कंपनीच्या बोटी तिथवर जात. मुख्य दारातून आत आलात की समोर मोठा मोकळा भाग, त्यावर २०१५ मध्ये बसवलेलं पारदर्शक छत आणि त्याखाली ट्रामचे रूळ. ट्रामला इथे चार रूळ आणि तीन प्लॅटफॉर्म आहेत. रूळ ओलांडायला पूल नाही, आखून दिलेल्या जागेवरून पायीच ओलांडायचे. ट्राम हळू येते, पण आवाज फार करत नाही. कानात हेडफोन घालून किंवा मोबाइलवर नकाशा बघत इथे चालू नका, आणि लहान मुलाचा हात सोडू नका.

रेल्वेचे प्लॅटफॉर्म सहा आहेत. १ आणि २ इथेच संपतात. ३ ते ६ वरच्या गाड्या आरपार जातात, आणि हे चार प्लॅटफॉर्म वरच्या अवाढव्य एरिनाच्या (कार्यक्रमांच्या बंदिस्त सभागृहाच्या) पोटात असल्यामुळे तिथे दिवसाही दिवे लागतात. तिकडे जायला पूल आणि लिफ्ट आहे. ट्रामपाशी उभं राहून ‘माझी ट्रेन दिसत नाही’ असं वाटलं, तर ती बहुधा तिकडे आत उभी असते. मुख्य दारापासून ६ नंबरपर्यंत, सामान आणि लिफ्ट धरून, दहा मिनिटं हाताशी ठेवा.

पहिली पायरी: ट्रेन की ट्राम, हे घरीच ठरवा

काही ठिकाणी दोन्ही जातात आणि लागणाऱ्या वेळेत खूप फरक असतो. रॉचडेल हे सगळ्यात ठळक उदाहरण. व्हिक्टोरियाहून रॉचडेलला ट्रेन साधारण वीस मिनिटांत पोचते. ट्रामही रॉचडेलला जाते, पण ओल्डहॅमवरून वळसा घेऊन, आणि तिला तासाभराच्या आसपास लागतो. ओल्डहॅमचा जुना रेल्वेमार्ग २००९ मध्ये बंद करून तिथे ट्राम टाकली, म्हणून ओल्डहॅमला जायचं तर ट्रामच, आणि रॉचडेलला घाई असेल तर ट्रेन. दोन्ही रॉचडेल स्टेशनपाशीच थांबतात. म्हणजे जाताना ट्रेन आणि येताना ओल्डहॅमला काम उरकून ट्राम, असंही जमतं. मात्र तिकिटं वेगळी.

विमानतळाचंही तसंच. व्हिक्टोरियाहून विमानतळाची ट्राम आहे. ती दक्षिणेची उपनगरं फिरत फिरत जाते, तासभर तरी धराच. ट्रेन बरीच लवकर पोचवते. डिसेंबर २०१७ मध्ये ऑर्डसॉल कॉर्ड हा छोटा जोडमार्ग सुरू झाला, तेव्हापासून व्हिक्टोरियाहून ऑक्सफर्ड रोड आणि पिकाडिली घेत विमानतळाला जाणाऱ्या काही गाड्या आहेत. त्या थोड्याच असतात. तुमच्या वेळेला थेट गाडी नसेल, तर ट्रामने पिकाडिली गाठा आणि तिथून ट्रेन घ्या, तिथून गाड्या पुष्कळ सुटतात. विमानतळावर रेल्वे, ट्राम आणि बस एकाच इमारतीत येतात, पुढे टर्मिनलपर्यंत झाकलेल्या वाटेने चालायचं असतं. मुंबईच्या विमानाला बॅगा द्यायच्या आहेत आणि बरोबर आईबाबा आहेत, अशा दिवशी मी ट्राम सुचवणार नाही. एकट्याने, पाठीवर एक सॅक घेऊन जाणाऱ्याला ट्राम चालेल.

लीड्स, हडर्सफील्ड, यॉर्क, न्यूकॅसल, लिव्हरपूल, हॅलिफॅक्स, ब्रॅडफर्ड, ब्लॅकबर्न या दिशांना व्हिक्टोरियाहून ट्रेन मिळतात. लिव्हरपूल, लीड्स आणि बोल्टनला पिकाडिलीच्या बाजूनेही गाड्या आहेत. त्यामुळे जाताना व्हिक्टोरिया आणि येताना पिकाडिली असं सहज होतं. कुणी स्टेशनवर घ्यायला येणार असेल तर ‘मँचेस्टरला पोचते’ एवढंच कळवू नका, स्टेशनचं नाव सांगा. तिकिटावर कधी कधी नुसतं ‘मँचेस्टर स्टेशन्स’ असं छापलेलं असतं. गाडी कुठून सुटणार हे त्यावरून कळत नाही, ते वेळापत्रकातच बघावं लागतं.

बरी, ऑल्ट्रिंचम, ईस्ट डिड्सबरी या दिशांना व्हिक्टोरियाहून ट्रामच. ट्राममध्ये बसल्यावर मात्र शहरातले दोन रस्ते लक्षात ठेवा. एक शूडहिल, मार्केट स्ट्रीट असा जातो. दुसरा एक्सचेंज स्क्वेअरवरून सरळ सेंट पीटर्स स्क्वेअरला निघतो. हा दुसरा रस्ता २०१७ मध्ये पूर्ण झाला, कारण पहिल्यावर ट्रामची फार दाटी व्हायची. पिकाडिली स्टेशनला जायचं असेल तर एक्सचेंज स्क्वेअरवाली ट्राम तुमच्या कामाची नाही. पाटीवर ‘पिकाडिली’ लिहिलेली ट्राम घ्या, दहा-एक मिनिटांत पोचते. हातात फार सामान नसेल तर वीस मिनिटांत चालतही जाता येतं, आणि मध्यवस्तीत फिरणारी मोफत बसही आहे.

क्रिकेटसाठी येणाऱ्यांनी पुढचा भाग नीट वाचावा. ओल्ड ट्रॅफर्डच्या मैदानाचं मराठी माणसाशी जुनं नातं आहे. १९३६ मध्ये विजय मर्चंट आणि मुश्ताक अली यांनी इथे सलामीला २०३ धावा जोडल्या. १४ ऑगस्ट १९९० ला सतरा वर्षांच्या सचिनने नाबाद ११९ करत पहिलं कसोटी शतक झळकावलं आणि सामना वाचवला. २०२५ मध्ये तिथल्या एका स्टँडला मुंबईच्या फारूख इंजिनियर यांचं नाव क्लाइव्ह लॉइड यांच्या जोडीने दिलं गेलं. तिथे जायला व्हिक्टोरियाहून ऑल्ट्रिंचमची ट्राम घ्यायची आणि ‘ओल्ड ट्रॅफर्ड’ थांब्यावर उतरायचं, मैदान लगतच आहे. घाईत ईस्ट डिड्सबरी किंवा विमानतळाची ट्राम पकडली गेली तरी घाबरू नका. ट्रॅफर्ड बारपर्यंत सगळ्यांचा मार्ग एकच आहे. तिथे उतरा आणि मागून येणारी ऑल्ट्रिंचमची ट्राम घ्या. मँचेस्टर सिटीच्या एतिहाद मैदानाची ट्राम मात्र व्हिक्टोरियावरून जात नाही. आधी पिकाडिलीला जा आणि तिथून अ‍ॅश्टनची ट्राम घ्या.

दुसरी पायरी: ट्रामचे पैसे

ट्रामचं जाळं १ ते ४ झोनमध्ये वाटलेलं आहे. व्हिक्टोरियासह शहराचा मध्य म्हणजे झोन १, आणि बरी, ऑल्ट्रिंचम, विमानतळ ही टोकं झोन ४ मध्ये. जितके झोन ओलांडाल तितकं भाडं. एकट्या प्रौढ प्रवाशाला सगळ्यात सोपं म्हणजे स्वतःचं बँकेचं टॅप होणारं कार्ड किंवा मोबाइल. प्लॅटफॉर्मवर कार्ड वाचणारी यंत्रं उभी असतात. चढण्याआधी तिथे कार्ड टेकवा, उतरल्यावर उतरलेल्या थांब्यावर पुन्हा टेकवा. मधे ट्राम बदललीत तर काही करायचं नाही. दिवसाचे आणि आठवड्याचे किती पैसे जास्तीत जास्त कापायचे याला मर्यादा आहे. ती गाठली की पुढचे प्रवास त्याच रकमेत होतात आणि पास आधी काढावा लागत नाही. मार्च २०२५ पासून शहरातल्या पिवळ्या बसचे प्रवासही याच हिशोबात धरले जातात.

इथे सगळ्यात जास्त पैसे जातात ते तीन कारणांनी.

पहिलं, उतरताना टेकवायला विसरणं. यंत्रणेला तुम्ही कुठे उतरलात ते कळत नाही आणि जास्तीत जास्त भाडं कापलं जातं. व्हिक्टोरियाला हे हमखास घडतं, कारण उतरल्या उतरल्या समोर ट्रेनचे बोर्ड दिसतात आणि माणूस तिकडे धावतो. ट्रेन पकडायची असली तरी आधी ट्रामच्या प्लॅटफॉर्मवरच टॅप करा, मग हला.

दुसरं, चढताना कार्ड आणि उतरताना मोबाइल वापरणं. मोबाइलमध्ये तेच कार्ड भरलेलं असलं तरी यंत्रणेला ती दोन वेगळी माणसं वाटतात. सकाळी जे वापराल तेच दिवसभर वापरा.

तिसरं, एका कार्डावर नवरा-बायको दोघांनी जायचा प्रयत्न. एका कार्डावर एकच माणूस. आईला किंवा सासूबाईंना वेगळं कार्ड द्या, नाहीतर त्यांचं तिकीट प्लॅटफॉर्मवरच्या मशीनमधून किंवा बी नेटवर्कच्या (इथल्या ट्राम-बस व्यवस्थेचं हे नाव) अ‍ॅपवर काढा. टॅप केलं की प्रौढांचं भाडं लागतं, म्हणून मुलांसाठीही मशीन किंवा अ‍ॅप. पाच वर्षांखालच्यांना तिकीट नाही. आठवड्याच्या दिवशी सकाळी साडेनऊनंतर आणि शनिवार-रविवारी पूर्ण दिवस भाड्याचे स्वस्त प्रकार मिळतात. पाहुण्यांना घेऊन फिरायचं तर घरातून निघायची वेळ त्याप्रमाणे ठरवा.

भारतातून नुकतेच आलेल्यांसाठी आणखी एक. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांनंतर आपल्या कार्डांवर परदेशी व्यवहार आणि टॅप ही सोय आपण स्वतः सुरू केल्याशिवाय चालत नाही. निघण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये दोन्ही सुरू करा आणि मर्यादाही बघा. परकीय चलनाचे पैसे प्रत्येक व्यवहाराला लागतात हेही धरून चाला. इथलं खातं उघडेपर्यंत मशीनमधून दिवसाचं एकच तिकीट काढणं कधी कधी स्वस्त पडतं.

ट्रामच्या दारात कुणी अडवत नाही. पण तपासनीस येतात, आणि व्हिक्टोरियासारख्या मोठ्या थांब्यावर उतरतानाही उभे असतात. ‘गेट नव्हतं म्हणून कळलं नाही’ हे कारण चालत नाही.

तिसरी पायरी: रेल्वेचं तिकीट

लंडनमध्ये ट्रेनला सरसकट कार्ड टेकवता येतं, म्हणून इथेही तसंच असेल असं समजू नका. व्हिक्टोरियाहून लीड्स, लिव्हरपूल किंवा रॉचडेलला निघताना गाडीत बसण्याआधी तिकीट हवंच. ते काउंटरवर, मशीनमध्ये किंवा मोबाइलवर मिळतं. विनातिकीट पकडले गेलात तर इंग्लंडमध्ये दंड १०० पौंड आणि वर भाडं. २१ दिवसांत भरलात तर दंड ५० पौंडांवर येतो.

तिकिटाचे ढोबळ प्रकार तीन. ‘अ‍ॅडव्हान्स’ सगळ्यात स्वस्त, पण त्याच गाडीचं, ती चुकली की तिकीट गेलं. ‘ऑफ-पीक’ गर्दीची वेळ सोडून कुठल्याही गाडीला चालतं. ‘एनीटाइम’ महाग आणि मोकळं. ट्रामने येऊन व्हिक्टोरियाला ट्रेन बदलणार असाल आणि खिशात अ‍ॅडव्हान्स तिकीट असेल, तर मधे निदान अर्धा तास सोडा. शहरातल्या एका चौकात काही अडलं की मागच्या सगळ्या ट्राम थांबतात, आणि तुमची ट्रेन त्यासाठी थांबत नाही.

वर्षातून दोन-चार लांबचे प्रवास होणार असतील तर रेलकार्ड घ्या, बहुतेक भाड्यांवर एक तृतीयांश सूट मिळते. विद्यार्थ्यांसाठी १६ ते २५ वयाचं आहे, ६० च्या पुढच्यांसाठी सीनियर आहे, दोघांनी मिळून प्रवास करायचं वेगळं आहे. इथे राहायला आलेल्या आईबाबांनाही सीनियर कार्ड घेता येतं. दोन-तीन महिन्यांचा मुक्काम आणि यॉर्क, एडिनबरासारख्या सहली असतील तर त्याचे पैसे वसूल होतात.

आता एक सोय, जी इथे वर्षानुवर्षं राहणाऱ्यांनाही ठाऊक नसते. ग्रेटर मँचेस्टरमधल्या स्टेशनावरून, उदाहरणार्थ बोल्टन, विगन किंवा रॉचडेलहून, मँचेस्टर शहराचं रेल्वे तिकीट काढलं की त्यावर ‘मँचेस्टर सीटीएलझेड’ असं छापलेलं असतं. ते तिकीट असेल तर झोन १ मधला ट्रामचा प्रवास वेगळा पैसा न देता होतो. बोल्टनहून व्हिक्टोरियाला उतरून सेंट पीटर्स स्क्वेअरला विद्यापीठाच्या दिशेने जाणाऱ्याने मग कार्ड टेकवायचंच नाही, तिकीट हातात ठेवायचं आणि तपासनिसाला दाखवायचं. सवयीने टॅप केलंत तर नाहक पैसे जातील. लीड्स किंवा लिव्हरपूलहून येणाऱ्याला ही सवलत नाही.

चौथी पायरी: प्लॅटफॉर्मवर

ट्रेनच्या बोर्डवर गाडीचं शेवटचं ठिकाण मोठ्या अक्षरात असतं आणि मधली स्टेशनं खाली सरकत असतात. तुमचं स्टेशन त्या यादीत दिसल्याशिवाय गाडीत बसू नका, कारण एकाच दिशेच्या जलद आणि धीम्या गाड्या वेगवेगळ्या ठिकाणी थांबतात. मुंबई लोकलची सवय असलेल्यांना हे पटकन जमतं. फक्त इथे गाडी सुटण्याच्या थोडं आधी दारं बंद होतात, आणि धावत्या गाडीत चढायचा प्रश्नच नाही. प्लॅटफॉर्म ऐनवेळी बदलतात, म्हणून गेटमधून आत गेल्यावरही घोषणेकडे कान ठेवा.

ट्रामच्या बोर्डवर मिनिटं असतात आणि काही ट्रामपुढे ‘डबल’चं संक्षिप्त रूप. डबल म्हणजे दोन जोडून, ती अख्खा प्लॅटफॉर्म व्यापते. ते लिहिलेलं नसेल तर एकच ट्राम येते आणि थोड्याच जागेत थांबते, त्यामुळे टोकाला उभं राहणाऱ्याला पळावं लागतं. मधोमध उभे राहा. दार आपोआप उघडेल म्हणून थांबू नका, दारावरचं बटण दाबा. एकाच प्लॅटफॉर्मवर वेगवेगळ्या दिशांच्या ट्राम मागोमाग येतात. दादरला पुलावर मध्य की पश्चिम हे न बघता उतरणाऱ्याची जी गत होते, तीच इथे ट्रामच्या कपाळावरची पाटी न वाचणाऱ्याची होते.

सायकल घडीची नसेल तर ट्राममध्ये नेता येत नाही, ट्रेनमध्ये जागेप्रमाणे नेता येते. ट्राममध्ये स्वच्छतागृह नसतं. बरी किंवा रॉचडेलचा लांब प्रवास असेल, बरोबर लहान मूल किंवा मधुमेह असलेलं माणूस असेल, तर व्हिक्टोरियातच जाऊन या.

आईबाबा, सामान आणि व्हीलचेअर

ट्राममध्ये प्लॅटफॉर्मवरून सरळ आत जाता येतं हे वर आलंच. ट्रेनला तसं नसतं. डबा आणि प्लॅटफॉर्म यांत उंचीचा फरक असतो, फटही असते. गुडघेदुखी असलेल्या आईला तिथे खरंच त्रास होतो, आणि आपली माणसं मदत मागायला संकोचतात. संकोचू नका. ‘पॅसेंजर असिस्ट’ नावाची मोफत सेवा आहे. त्यात स्टेशनचा कर्मचारी दारापासून गाडीपर्यंत सोबत येतो, रॅम्प लावतो, सामान चढवतो, आणि उतरायच्या स्टेशनात दुसरा कर्मचारी दारापाशी येतो. त्यासाठी अपंगत्वाचा दाखला लागत नाही. वय किंवा दुखणं, जे असेल ते सांगा. प्रवासाच्या दोन तास आधीपर्यंत अ‍ॅपवर किंवा फोनवर नोंदवता येते. नोंदवलं नसेल तरी स्टेशनात विचारा, जमेल तेवढी मदत करतात.

इंग्रजी न बोलणाऱ्या आईबाबांना एकटं प्रवास करायला लावणार असाल तर आणखी एक करा. कागदावर मोठ्या अक्षरात ‘उतरण्याचं स्टेशन, गाडीची वेळ, तुमचा फोन नंबर’ इंग्रजीत लिहून त्यांच्या खिशात ठेवा. भेटायची जागाही आधीच ठरवा. ‘ट्रामपाशी’ म्हणू नका, ट्राम तीन प्लॅटफॉर्मवर येते. मुख्य दाराच्या आत भिंतीवर पांढऱ्या टाइल्सचा प्रचंड मोठा नकाशा आहे, ती जागा ठरवा. तो कुणालाही सापडतो आणि ट्रामच्या वाटेतही येत नाही.

तो नकाशा थांबून बघण्यासारखा आहे. लँकेशायर अँड यॉर्कशायर रेल्वेचं जुनं जाळं त्यावर आहे: लिव्हरपूलची गोदी आणि तिच्यापासून आत पसरलेली बोल्टन, बरी, ओल्डहॅम, रॉचडेल ही गिरण्यांची गावं. खानदेश-वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरातून निघून याच लिव्हरपूलला उतरायचा. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवी युद्धात अमेरिकेचा कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्या ओस पडल्या आणि मुंबईत कापसाच्या भावाने अनेकांना रातोरात श्रीमंत केलं. युद्ध संपताच तेच बुडाले. आपल्या इतिहासाचा हा तुकडा मँचेस्टरच्या एका भिंतीवर उभा आहे, आणि आपली माणसं त्याच्याकडे पाठ करून गाडीची वाट बघत असतात. मुलांना घेऊन तिथे दहा मिनिटं थांबावं, असं मला मनापासून वाटतं.

नकाशाखालीच पहिल्या महायुद्धात मारल्या गेलेल्या रेल्वे कर्मचाऱ्यांचं स्मारक आहे. गाडीला तासभर अवकाश असेल तर पाच मिनिटांवर चेटम्स ग्रंथालय आहे, १६५३ पासूनचं. मार्क्स आणि एंगल्स १८४५ मध्ये तिथे वाचत बसत.

एरिनाचा कार्यक्रम असेल त्या दिवशी

स्टेशनच्या वरच एरिना आहे आणि त्यात वीस हजारांहून अधिक माणसं मावतात. कार्यक्रम सुटतो तेव्हा ती सगळी एकदम खाली येतात. २२ मे २०१७ च्या बॉम्बहल्ल्यात तिथे २२ जणांचा जीव गेला. त्यांची आठवण म्हणून कॅथीड्रलजवळ ‘ग्लेड ऑफ लाइट’ ही बाग केली आहे. तेव्हापासून कार्यक्रमाच्या दिवशी बॅगांचे नियम कडक असतात आणि काही वाटा बंद ठेवल्या जातात. सरळ मोठी सुटकेस घेऊन एरिनात जायचं ठरवू नका.

तुमचा कार्यक्रमाशी संबंध नसेल तर रात्री दहा ते अकरा ही वेळ टाळा. टाळता येत नसेल तर व्हिक्टोरियाच्या ट्रामच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा एक्सचेंज स्क्वेअर किंवा शूडहिलला चालत जा. दोन्ही थांबे जवळ आहेत. बरीकडे जाणारी ट्राम शूडहिलला आधी येते, म्हणजे गर्दी चढण्याआधी बसायला जागा मिळते. शेवटच्या ट्रेनची वेळ आधी बघून ठेवा, ती कुणासाठी थांबत नाही.

गडबड झाली तर

शनिवार-रविवारी पेनाइन्स डोंगर ओलांडणाऱ्या मार्गावर कामं चालतात. लीड्स-हडर्सफील्डच्या गाड्या रद्द होऊन बदली बस लागते आणि वेळ जवळपास दुप्पट होतो. तिकीट काढताना वेळापत्रकात बसचं चिन्ह दिसतं का ते पाहा. आदल्या रात्री पुन्हा एकदा बघा. ट्रामचेही रूळ बदलायची कामं उन्हाळ्यात निघतात, तेव्हा शहरातला एखादा भाग काही आठवडे बंद असतो.

ट्रेन उशिरा आली तर पैसे परत मिळतात. या व्यवस्थेला ‘डिले रिपे’ म्हणतात. तुम्ही किती उशिरा पोचलात त्यावर रक्कम ठरते. उशीर कुणामुळे झाला हे तुम्हाला सिद्ध करावं लागत नाही. ज्या कंपनीच्या गाडीने उशीर केला तिच्या संकेतस्थळावर २८ दिवसांच्या आत तिकिटाचा फोटो जोडून अर्ज करा. अ‍ॅडव्हान्स तिकिटावर आधीची जोडगाडी उशिरा आल्यामुळे पुढची चुकली असेल, तर कर्मचाऱ्याला सांगा, पुढच्या गाडीत बसू देतात. ही सवलत रेल्वेच्या गाड्यांपुरती आहे. ट्राम उशिरा आल्याने ट्रेन चुकली तर ती मिळेल असं धरून चालू नका.

ट्राममधून उतरताना टॅप करायचं राहिलं असेल तर बी नेटवर्कच्या संकेतस्थळावर त्याच कार्डाने खातं उघडून तो प्रवास शोधा आणि दुरुस्तीची विनंती करा. त्यासाठी कार्डावर कापलेल्या रकमेची नोंद लागते, म्हणून बँकेचा संदेश लगेच पुसू नका.